परिक्रमा प्रकल्प नोंदी: अमरकंटक ते ओंकारेश्वर, शेवटचे ४४ दिवस

१८ फेब्रुवारी २०२५, दिवस ९५, अमरकंटक

दुपारी दीडला पोचलो. उत्तर तट संपला. डिसेंबरमध्ये समुद्राच्या मुखाशी विमलेश्वरहून मीठीतलाईला होडीने जाताना जिचा दुसरा काठ दिसतच नव्हता ती हीच नर्मदा, आणि इथे उगमापाशी माई की बगियाच्या मागून झाडाझाडांतून चालत गेलं की तट बदलतो, पूल नाही, होडी नाही, काहीच नाही. मावशी त्या वळणावर थांबली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "एवढीशी असते गं ही." मग बराच वेळ दोघी काही बोललो नाही.

हिशोब: १६ नोव्हेंबरला ओंकारेश्वरहून निघालो, आत्तापर्यंत मोबाइलप्रमाणे साधारण १८५० किमी. दक्षिण तटाने परत ओंकारेश्वर, माझ्या अंदाजाने ८०० च्या वर. ऑफिसात ड्रॉइंग करते तेव्हा प्रत्येक साइटचा बार चार्ट करायची सवय आहे, तसाच ह्याचाही केलाय. रोज २८ किमी धरले तर १९ मार्चला, म्हणजे रंगपंचमीला, आपण इंदूरला. राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायची. मावशीला चार्ट दाखवला, तिने चष्मा लावून नीट बघितला आणि पाय शेकायला गेली.

रात्री थंडी भयंकर. हजार मीटरच्या वर आहोत, दोन शाली घेऊनही पाय गार.

१९ फेब्रुवारी, दिवस ९६, कबीर चबुतरा ओलांडून पुढे

नदी अजूनही उजव्याच हाताला पण आता आपण तिच्याबरोबर खाली चाललोय, दोनेक महिन्यांनी परत प्रवाहाच्या दिशेने. फरक पडतो. उत्तर तटावर रोज तिच्या विरुद्ध जातोय असं वाटायचं, आज सालाच्या जंगलात उतार लागला आणि मावशी माझ्या पुढे. बासष्ट वर्षांची बाई, नर्सिंगमधून रिटायर झालेली, सॅक साडेसहा किलोची, आणि काठी टेकत अशी चालते की मला पळावं लागतं.

एक गोष्ट लिहून ठेवते, पुढे कोणी निघालं तर कामी येईल. उतारावर अंगठ्याची नखं बुटाच्या टोकाला आपटतात. चढापेक्षा उतार पायांना जास्त खातो. शूलपाणीच्या झाडीत सातपुड्याच्या उतारांवर माझी दोन नखं काळी झाली होती, तेव्हा मावशीने शिकवलं की उतार लागायच्या आधी बसून लेस परत बांधायची, घोट्यापाशी घट्ट आणि बोटांपाशी सैल. आज तसंच केलं, एकही फोड नाही.

२२ फेब्रुवारी, दिवस ९९, दिंडोरी

बाटली गळतेय.

सांगायला पाहिजे की ही बाटली म्हणजे सगळं आहे. निघताना ओंकारेश्वरला त्यात नर्मदेचं पाणी भरलं, रोज संध्याकाळी तिची पूजा करायची, तीर्थावर थोडं वाहायचं थोडं भरायचं, आणि शेवटी ते जल ओंकाराला चढवायचं. आईने तिला लाल लोकरीचं क्रोशाचं कव्हर विणून दिलंय, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट. करंजियापासून ते कव्हर ओलं लागायला लागलं, आम्हाला वाटलं दव असेल. आज उघडून बघितलं तर झाकणाचे आटे झिजलेत, शंभर दिवस उघडबंद करून. फिरवलं की एका जागी सटकतं.

बाजारात हार्डवेअरचं दुकान शोधलं, दुकानदाराने नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप काढली, आट्यांवर सात वेढे दिले, झाकण दाबून फिरवलं, उलटी धरली, कागदावर ठेवली, पाच मिनिटं तिघंही कागदाकडे बघत उभे. कोरडा. पैसे घेईना. "नर्मदे हर, मैया, ये तो पानी का ही काम है."

रात्री एका गोंड घरात कुटकीचा भात आणि टोमॅटोची चटणी. माझ्याकडच्या पुडीतला जीरावन मसाला वरून टाकून दिला, त्या घरातल्या आजीने बोट लावून चाखला आणि अजून मागितला. इंदूरच्या माणसाने जीरावन घेतल्याशिवाय कुठेही जाऊ नये.

२६ फेब्रुवारी, दिवस १०३

महाशिवरात्र. उपास दोघींचा, २१ किमी. पळस पेटलाय सगळीकडे.

२८ फेब्रुवारी, दिवस १०५, महाराजपूर

समोर मंडला. नदी त्या शहराला तीन बाजूंनी वळसा घालते, आपण अलीकडे, इथे बंजर येऊन मिळते. संगमावर घाटाच्या पायरीवर बसलो तर मावशी उठेचना. डावा गुडघा सुजलाय. दोन दिवस झाले म्हणे, मला बोलली नाही. नर्सबाई स्वतःच्या गुडघ्याचं कोणाला सांगत नाही हे मला आता कळायला पाहिजे होतं. उद्या मुक्काम. चार्टवर एक दिवस लाल.

(मला पाळी पण आजच. जिथे उतरलोय त्या घरातल्या वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, देवघराच्या खोलीत झोपायचं होतं म्हणून. ती म्हणाली, "चालके आई हो इतनी दूर से, सो जाओ यहीं." असं सगळीकडे होत नाही, दोन ठिकाणी ओसरीत झोपलोय, म्हणून नोंद.)

४ मार्च, दिवस १०९, घंसौर

बर्गी धरणाचं पाणी पसरलंय त्यामुळे काठ धरून जाता येत नाही, खूप आतून फिरावं लागतं. तीन दिवस झाले नदी दिसली नाही. उजव्या हाताला आहे हे माहितीये, डोंगरापलीकडे, पण दिसत नाही, आणि मला वाटलं नव्हतं की त्याचा इतका त्रास होईल. चालताना सारखी मान उजवीकडे वळते.

उजव्या बुटाचा सोल टाचेपासून निम्मा सुटला. दुकानातल्या फेविक्विकने तासभर टिकला. शेवटी बाजारात चिंचेखाली एक म्हातारे चांभारकाका बसले होते त्यांनी बूट हातात घेतला, सोल पूर्ण उपटूनच काढला, मला धस्स झालं. मग आतली जुनी चिकट पपडी पोह्याच्या चमच्याएवढ्या रापीने खरवडली, नवीन सोल्युशन लावून उन्हात ठेवला, मेण लावलेल्या दोऱ्याने कडेकडेने टाके घातले, प्रत्येक टाका ओढून दाताखाली धरून बघायचे, आणि टाचेखाली जुन्या टायरचा तुकडा बसवला. दीड तास लागला. "ओंकारजी तक जाएगा," म्हणाले. मी पन्नास रुपये पुढे केले तर हात जोडले. मावशीने त्यांच्या हाताच्या भेगांना लावायला तिच्याजवळची मलमाची ट्यूब दिली, ती घेतली.

९ मार्च, दिवस ११४, बरमान

नदी परत भेटली. अंघोळ, कपडे धुतले. एकूण आजपर्यंत २२०० च्या पुढे.

१४ मार्च, दिवस ११९, सांडिया

धुळवड, रस्त्यावर जायचं नाही असं आश्रमातल्या बाबाजींनी सांगितलं म्हणून सक्तीची सुट्टी. बरंच झालं, कारण काल रात्री आमचं भांडण झालं आणि ते लिहायला वेळ हवा होता.

झालं असं की काल मी ३१ किमी चालवलं. शक्करच्या खोऱ्यातून पुढे दुधी नदी ओलांडून, भर उन्हात, का तर चार्ट नऊ दिवस मागे पडलाय. शेवटचे पाच किमी अंधारात, मोबाइलच्या टॉर्चवर, उसाच्या शेतांमधून. मावशी एक अक्षर बोलली नाही. इथे आल्यावर बाबाजींनी खिचडी दिली ती न खाता तशीच आडवी झाली. मी म्हंटलं, मावशी दोन घास खा. तर उठून बसली आणि म्हणाली, "तू कुठे चाललीयेस ते मला सांग. घरी चाललीयेस का? घरी जायचं तर इथून पिपरियाला जाऊ, रेल्वे आहे."

मी म्हंटलं असं नाही गं, पण सगळ्यांना सांगितलंय रंगपंचमी, आणि ऑफिसात सरांना एक एप्रिल सांगितलाय. "मग फोन कर आणि नाही जमत म्हणून सांग. अगं, ही नदी कुठे पळून चाललीये का? मी चाळीस वर्षं ड्यूटीचे तास मोजले. आता मला कोणी तास मोजून चालवलेलं नकोय."

मला रडू आलं. कारण तिचं बरोबर होतं आणि मला ते दहा दिवसांपासून माहीत होतं. अमरकंटकला पोचेपर्यंत मी कधी किलोमीटर बघत नव्हते, शूलपाणीत तर एका दिवशी सात किमी झाले आणि तो सगळ्यात चांगला दिवस होता. शेवट दिसायला लागल्यावर मला काय झालं कुणास ठाऊक. प्रत्येक गावात लोक चहाला बोलवायचे आणि मी उभ्याउभ्याच नाही म्हणायचे, लोक रागावायचे नाहीत पण तोंड उतरायचं त्यांचं.

आज सरांना फोन केला. सात एप्रिल मिळाला. चार्ट डिलीट केला.

नवीन पद्धत: पहाटे साडेचारला निघायचं, दहाला थांबायचं, दुपारभर सावलीत, जमलं तर संध्याकाळी दोन तास. बोलावलं तर बसायचं.

१९ मार्च, दिवस १२४, नर्मदापुरम

तवा नदी परवा बांद्राभानच्या संगमावर भेटली, नर्मदेच्या उपनद्यांमध्ये सगळ्यात मोठी ही, रेतीचं पात्र मैदानासारखं. आज सेठानी घाटावर. (सगळे अजून होशंगाबादच म्हणतात.)

रंगपंचमी. लेकीने राजवाड्यावरून व्हिडिओ पाठवला, रंगाच्या तोफा, गर्दी, काही दिसत नाही नुसता गुलाल. वाईट वाटेल असं वाटलं होतं, नाही वाटलं. मावशीने घाटावर बसून तीनदा बघितला आणि मग तिने तो किस्सा परत सांगितला जो मी जानेवारीत जलूदला ऐकला होता, पण तेव्हा नीट लिहिला नव्हता.

इंदूरला आधी यशवंत सागर आणि बिलावली तलावाचं पाणी यायचं. उन्हाळ्यात मावशी आणि आई, आठ आणि सहा वर्षांच्या, रात्री दोनला बादल्या घेऊन सार्वजनिक नळावर. १९७० मध्ये नर्मदा इंदूरला आणा म्हणून आंदोलन झालं, तेव्हा आमचे आजोबा मोर्चात जायचे आणि ही त्यांच्या खांद्यावर. १९७८ मध्ये पाणी आलं. जलूदहून उपसून, विंध्य चढवून, सत्तर किमी. मावशी पंधरा वर्षांची. आजीने पहिलं पाणी तांब्यात घेतलं, हळदकुंकू वाहिलं आणि मग कोणालाच प्यायला देईना, दिवसभर देवापुढे ठेवलं. तेव्हा मावशीच्या मनात आलं की जी आपल्यासाठी डोंगर चढून आली तिच्याकडे आपण एकदा चालत जायला पाहिजे. मग शिक्षण, नोकरी, नाइट ड्यूट्या, आजीचं आजारपण. सत्तेचाळीस वर्षं गेली मधे.

जानेवारीत जलूदला पंपाच्या आवाजात ती अर्धा तास उभी होती. तेव्हा मी घड्याळ बघत नव्हते, एवढं मात्र बरं झालं.

२३ मार्च, दिवस १२८, हंडिया

समोर नेमावर, इथे नर्मदेची नाभी मानतात, मध्य. हरदा जिल्ह्यात गव्हाची कापणी जोरात, हार्वेस्टर रात्रभर चालतात, धुरळ्याने खोकला. १२ किमीच. चार घरी चहा.

२७ मार्च, दिवस १३२, छनेरा

इथून पुढे नदी म्हणजे इंदिरा सागर धरणाचं पाणी. परिक्रमेची जुनी वाट पाण्याखाली आहे, जुने घाट, मंदिरं, गावं सगळी. आम्ही आतून फिरून आलो.

छनेरा म्हणजे नवीन हरसूद. जुनं हरसूद ह्याच धरणासाठी २००४ मध्ये रिकामं केलं, ३० जून शेवटची तारीख होती. आज ज्यांच्या घरी उतरलो त्या बाई मावशीच्याच वयाच्या, त्यांना मी काकी म्हणतेय. जेवताना दाराकडे लक्ष गेलं. घर साधं, सिमेंटचं, पण चौकट जुनी सागवानी, कोरीव, वर गणपती, आणि घराच्या मापाची नाहीच, दोन्ही बाजूंना विटांचे तुकडे लावून बसवलेली. काकी म्हणाल्या, हरसूदच्या घराची आहे. त्यांनी आणि त्यांच्या मालकांनी घर स्वतःच्या हाताने पाडलं, कौलं उतरवली, विटा मोजून ट्रॅक्टरमध्ये भरल्या, चौकट शेवटी काढली. "खिडक्या विकल्या. चौकट नाही विकली," असं त्यांनी हिंदीत सांगितलं आणि हाताने चौकटीचा खालचा कोपरा दाखवला, तिथे खिळ्यांनी ओढलेल्या रेघा आहेत, मुलांची उंची. सगळ्यात वरची रेघ २००४ ची.

मी विचारलं, तुम्हाला राग नाही येत, आम्ही तिची परिक्रमा करतो आणि तुमच्याकडे जेवायला येतो. काकींनी पोळी वाढली. "मैया ने थोड़े ही डुबाया, बेटा."

मी ड्रॉइंग करणारी बाई आहे. ९२ मीटर उंच, ६५३ मीटर लांब, १००० मेगावॅट, हे आकडे मला कॉलेजपासून पाठ आहेत आणि ह्या धरणाचं मला कौतुक होतं, आजही वीज वापरतेच. पण ती चौकट मी मोजून घेतली, साडेसहा फूट बाय सव्वातीन, आणि वहीत काढली, खिळ्याच्या रेघांसकट.

३० मार्च, दिवस १३५, मूंदीच्या अलीकडे

पाडवा. काल संत सिंगाजींच्या समाधीचं दर्शन झालं, चारी बाजूंनी पाणी आणि मधे समाधी उंच करून बांधलेली.

मावशी पहाटेच उठून बसली होती. जिथे झोपलो होतो त्या शाळेच्या व्हरांड्यात तिने तिची काठी खांबाला बांधली, वर माझी धुतलेली निळी ओढणी, तिच्यावर स्टीलचा तांब्या पालथा, शाळेच्या आवारातल्या लिंबाचा डहाळा, आणि साखरेच्या गाठी नाहीत म्हणून पार्ले-जीची माळ, दोऱ्यात ओवलेली, प्रत्येक बिस्किटाला सुईने हळूच भोक पाडून. दोन तुटली. गावातली पोरं गोळा झाली, ये क्या है अम्मा. मावशीने सगळ्यांना कडुलिंबाची पानं आणि गूळ दिला, पोरांनी तोंडं वाकडी केली आणि गूळ परत मागितला.

काठी बांधलेली, म्हणजे चालता येत नाही. गुढी उतरेपर्यंत मुक्काम. दिवसभर बसलो.

३१ मार्च, १ एप्रिल

पुनासा. ऊन चाळिशीला टेकलंय. पहाटे पावणेचारला निघतोय. बूट टिकलेत, टाके जसेच्या तसे.

२ एप्रिल, दिवस १३८, ओंकारेश्वर

सकाळी ९ वाजून १० मिनिटं. गोमुख घाट.

ह्याच पायरीवरून निघालो होतो. समोर बेटावर ओंकाराचं मंदिर, मधे पूल, आणि निघताना तो पूल ओलांडायची परवानगी नव्हती कारण परिक्रमा पूर्ण होईपर्यंत नर्मदा ओलांडायची नाही. १३७ दिवसांपूर्वी इथून हात जोडले होते. मावशीने बूट काढले, मोजे काढले, पाण्यात पाय टाकले. मग सॅक. मग मला म्हणाली, "तू पण ये." एवढंच. एकूण २६८० किमी माझ्या हिशोबाने, तिला आकडा सांगितला नाही, तिने विचारलाही नाही.

दुपारी कढाई, म्हणजे शिऱ्याचा प्रसाद, आणि नऊ कन्यांचं जेवण. आई, लेक, आमचे हे, सगळे इंदूरहून आले. आईने आधी बाटलीचं कव्हर बघितलं. "किती मळवलंत गं."

३ एप्रिल, ओंकारेश्वर

पहाटे पूल ओलांडला. मी मधे थांबले, खाली बघितलं. चार महिने जी उजवीकडे होती ती पायाखाली, आणि मला पाऊल पुढे टाकायला खरंच जड गेलं, चूक करतोय असं वाटत होतं. मावशीने माझा हात धरला.

गाभाऱ्याबाहेर रांगेत बाटलीचं झाकण उघडेना. टेप. दिंडोरीच्या त्या माणसाने सात वेढे दिले होते ते इतके घट्ट बसले होते. मागचे लोक ढकलतायत, मावशीने ओढणीत धरून पिळलं, मी पिळलं, शेवटी मागच्या एका भाऊंनी उघडून दिलं. जल वाहिलं. थोडं ठेवलं घरासाठी.

४ एप्रिल, इंदूर

बस. ७७ किमी, अडीच तास. मोरटक्क्याच्या पुलावर बसने नर्मदा ओलांडायला एक मिनिटही लागलं नाही. बसमधल्या बायकांनी खिडकीतून हात जोडले. मावशी पुलाच्या सुरुवातीला उभी राहिली, दांडा धरून, आणि पूल संपल्यावर बसली.

११ एप्रिल

मावशीच्या गुडघ्याचा एक्स-रे झाला, झीज आहे, महिनाभर जिने नाहीत. माझ्या पायाचा एक नंबर वाढलाय, जुन्या चपला होत नाहीत. ऑफिस सुरू. बूट धुवून गॅलरीत ठेवलेत, टाकणार नाही.

वहीच्या शेवटच्या पानांवर ज्यांच्या घरी राहिलो त्यांचे पत्ते लिहिलेत, ज्यांनी दिले त्यांचे, एकूण ४१. मावशीने पोस्टातून कार्डं आणली आहेत. ती बसून सांगते, मी लिहिते, कारण तिचं अक्षर डॉक्टरांसारखं झालंय असं ती म्हणते. छनेऱ्याच्या काकींना चौकटीच्या चित्राची झेरॉक्स पाठवली. घंसौरच्या चांभारकाकांचा पत्ता नाही, म्हणून "चिंचेखाली, बाजार" असं लिहिलंय, बघू पोचतं का. आज सात झाली, चौतीस बाकी.